महिनाभराचे वेगळे विषय : घरी शिकणाऱ्या मुलासाठी, अलिबागच्या किनाऱ्यावरून

घरी शिकणाऱ्या मुलांच्या आईबाबांकडून एक प्रश्न हमखास येतो. "गणित, मराठी, इंग्रजी चाललंय. पण शाळेत मिळत नाही असं काहीतरी वेगळं द्यायचंय. महिनाभर काय घेऊ?" बहुतेकांच्या हातात यादी तयारच असते : इजिप्तच्या ममी, कृष्णविवर, ओरिगामी, डायनोसॉर, जपानी भाषा. यादी वाईट नाही. पण त्यातल्या बहुतेक विषयांत मुलाने करायचं काय? व्हिडिओ बघायचा, "वा!" म्हणायचं आणि एक चार्टपेपर रंगवायचा. ममीबद्दल मूल काही चुकीचं बोललं तर ते त्याला सांगणार कोण? आईच सांगणार, तेही मोबाईलमध्ये बघून.

म्हणून विषय निवडताना एकच कसोटी लावा. मूल चुकलं, तर चूक दाखवणार कोण? उत्तर "आई" किंवा "गुगल" असेल तर तो विषय तूर्त बाजूला ठेवा. उत्तर "समुद्र", "सुई", "झाडाला लटकलेला खोपा" किंवा "पलीकडच्या गावातल्या आजी" असं असेल तर बिनधास्त घ्या.

शाळेतल्या मुलापेक्षा घरी शिकणाऱ्या मुलाला ही कसोटी जास्त लागू आहे. शाळेत एका प्रश्नाला चाळीस मुलं चाळीस उत्तरं देतात, शिक्षकही तासागणिक बदलतात. घरी आईच शिकवते, आईच तपासते आणि दूध सांडलं म्हणून ओरडतेही आईच. अशा घरात मूल काही महिन्यांत पुस्तकाऐवजी आईचा चेहरा वाचायला शिकतं. उत्तर देताना अर्ध्यावर थांबतं, आपल्या भुवया बघतं आणि वाक्य फिरवतं. ज्यांनी हे पाहिलंय त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. आपल्या भुवयांवर अवलंबून नसलेला परीक्षक घरात आणायचा, हा या महिन्याचा खरा उद्देश.

आपण रायगडच्या किनाऱ्यावर राहतो, त्यामुळे असे परीक्षक फुकट मिळतात. खालचा आराखडा नऊ ते बारा वर्षांच्या मुलासाठी आहे. रोज सकाळचे दीड-दोन तास या विषयाला, बाकी नेहमीचं गणित आणि वाचन चालूच. महिना कार्तिकाचा धरलाय. दिवाळीचा पाडवा म्हणजे कार्तिक शुद्ध प्रतिपदा, तिथपासून पुढच्या अमावास्येपर्यंत. पाऊस गेलेला असतो, समुद्र शांत होत आलेला असतो आणि सुगरणीचे खोपे रिकामे होऊन लटकत असतात.

भरती-ओहोटी : हा विषय महिनाभर

भरती-ओहोटीला एक आठवडा देऊन उपयोग नाही. चंद्र पूर्ण फिरून यायला हवा, म्हणून हा विषय पाडव्याला सुरू होतो आणि महिनाभर बाकीच्यांच्या मागे चालू राहतो. रोजचं काम दहा मिनिटांचं. जवळच्या धक्क्यावर किंवा बंधाऱ्याच्या पायऱ्यांवर, रोज ठरलेल्या एकाच वेळी जाऊन किती पायऱ्या कोरड्या आहेत ते मोजायचं. वहीत तारीख, तिथी, वेळ आणि पायऱ्या लिहायच्या. मुलाने एकट्याने जायचं नाही, पाण्यात उतरायचं नाही.

पहिले चार-पाच दिवस मुलाला काही सांगू नका. पायऱ्यांचा आकडा रोज बदलतोय, हे त्याला दिसू दे. मग आपल्याकडच्या जुन्या माणसांचा हिशोब सांगा : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. द्वितीयेला दीड वाजता, चतुर्थीला तीनला, अष्टमीला सहाला. दुसरी भरती साधारण साडेबारा तासांनी. भरतीनंतर सव्वासहा तासांच्या आसपास ओहोटी. कृष्ण पक्षात तिथी पुन्हा एकपासून मोजायची.

इथे पाऊणकी कामाला येते. पावकी, निमकी, पाऊणकी आपल्या आजोबांनी पाठ केली आणि आपण सोडून दिली. मुलाला ती तक्ता म्हणून दिली तर कंटाळेल. भरतीसाठी दिली तर तिसऱ्या दिवशी तोंडपाठ होते, कारण तिच्यावर काहीतरी अवलंबून आहे.

आता गंमत. हा हिशोब थोडा चुकतो आणि ते मुलानेच शोधायचं आहे. पंधरा तिथींत भरतीची वेळ घड्याळावर बारा तास सरकते. म्हणजे एका तिथीला बारा भागिले पंधरा, अठ्ठेचाळीस मिनिटं. पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस. रोज तीन मिनिटांची तूट, पौर्णिमेपर्यंत पाऊण तासाची. पाऊणकीने पौर्णिमेची भरती सव्वाअकराला येते, अठ्ठेचाळीसच्या हिशोबाने बाराला. समुद्र कोणाचं ऐकतो? त्रिपुरी पौर्णिमेला दुपारी धक्क्यावर जाऊन बघा. त्यातही समुद्र रोज सारख्या अंतराने सरकत नाही : उधाणाच्या दिवसांत वेळ कमी सरकते, भांगाच्या दिवसांत जास्त. त्यामुळे कोणताही एक गुणाकार पुरा पडत नाही, तासाभराचासुद्धा फरक पडतो. जुन्या माणसांनी पाऊणपट का ठेवली असेल, याचं उत्तर मुलं चटकन देतात : तोंडी करायला सोपी म्हणून. बरोबरच आहे. होडी काढायला तेवढा अंदाज पुरतो.

उधाण आणि भांग हे दोन शब्द मुलाच्या वहीत आलेच पाहिजेत. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास चंद्र आणि सूर्य एका रेषेत ओढतात, तेव्हा उधाण : पाणी खूप चढतं आणि तितकंच खाली जातं. अष्टमीच्या सुमारास दोघांची ओढ काटकोनात, तेव्हा भांग : चढणं-उतरणं दोन्ही बेताचं. पायऱ्यांच्या आकड्यांचा आलेख काढला की हे दोन शब्द कागदावर डोंगर आणि सपाटीसारखे दिसतात. सगळ्यात मोठं उधाण नेमकं पौर्णिमेलाच येतं की एक-दोन दिवसांनी, हेही आलेखावरूनच काढायला सांगा.

महिन्याअखेरची परीक्षा याच विषयावर आहे. ती शेवटी सांगतो.

सुई आणि वेधशाळा

दुसऱ्या आठवड्याचा विषय चुंबकत्व. हा तर सगळ्याच पुस्तकांत असतो, मग वेगळा कसा? अलिबागमध्ये तो आपल्या अंगणात आहे म्हणून. मुंबईत कुलाब्याला इंग्रजांच्या काळातली वेधशाळा होती आणि १८४१ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. मग मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणायचं ठरलं. रुळांतून आणि जमिनीतून वाहणारी ती वीज स्वतःचं चुंबकत्व निर्माण करते, तेव्हा नाजूक उपकरणं पृथ्वीचं मोजणार की ट्रामचं? वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी जागा शोधली ती खाडीपलीकडे, अलिबागला. १९०४ साली इथली चुंबकीय वेधशाळा सुरू झाली. लोखंड नको म्हणून इमारतीचे दगडसुद्धा चुंबकीय गुण नसलेले निवडले. त्यानंतर दोन वर्षं दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुनी मालिका नव्या मालिकेला जोडता यावी. मुंबईत विजेची ट्राम धावली १९०७ मध्ये.

ती दोन वर्षं मुलाला नीट समजावून सांगा. ट्रामची गोष्ट मजेची आहे, पण विज्ञान या दोन वर्षांत आहे. घराची उंची मोजायची टेप बदलली तर आधी जुन्या आणि नव्या टेपने एकच भिंत मोजून बघायची, एवढंच ते आहे. या सांभाळलेल्या मालिकेचं मोल किती, तर १ आणि २ सप्टेंबर १८५९ ला सूर्यावरच्या स्फोटामुळे पृथ्वीवर जे प्रचंड चुंबकीय वादळ आलं, युरोप-अमेरिकेत तारायंत्रं बिघडली, त्याची कुलाब्याची नोंद आजही जगभरचे शास्त्रज्ञ वापरतात.

घरी करायचं ते साधं. शिवणाची सुई चुंबकावर एकाच दिशेने तीस-चाळीस वेळा घासा, झाडाच्या पानावर किंवा बुचाच्या चकतीवर ठेवून प्लॅस्टिकच्या वाडग्यातल्या पाण्यात तरंगवा. ती वळून उत्तर-दक्षिण थांबते. आता मुलाला 'ट्राम' बनू दे. कोयता, विळी, सायकल आणि बाबांची मोटरसायकल एकेक करून लांबून जवळ आणायची आणि कोणती वस्तू किती अंतरावरून सुई हलवते, ते टेपने मोजून लिहायचं. आधी अंदाज लिहायचा, मग मोजायचं. अंदाज खोडायचा नाही, हा नियम कडक ठेवा.

पुढच्या दिवशी सुईची परीक्षा सूर्याकडून. अंगणात काठी सरळ उभी करून तिच्याभोवती वर्तुळ काढा. सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला शिवेल तिथे एक खूण, दुपारनंतर पुन्हा शिवेल तिथे दुसरी. दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा, तिला काटकोन म्हणजे खरी उत्तर. सुईची उत्तर आणि सावलीची उत्तर जवळजवळ जुळतात, कारण आपल्या भागात दोन्हींतला फरक एका अंशाच्या आत आहे. जगात सगळीकडे असं नाही. कितीतरी देशांत सुई खऱ्या उत्तरेपासून दहा-पंधरा अंश बाजूला असते. मुलाच्या दोन रेषांत आठ अंशांचा फरक आला तर रागावू नका. काठी सरळ होती का, जमिनीखाली लोखंडी पाइप आहे का, हे त्यालाच शोधू दे. त्यातच आठवडा गेला तरी हरकत नाही.

वेधशाळा आतून बघायची असेल तर आधी विचारावं लागतं. पत्र मुलालाच लिहू दे. विनंतीपत्राचा धडा आपोआप होतो आणि उत्तराची वाट बघणंही शिकता येतं.

कोर्लईची भाषा आणि आपली

या आठवड्याबद्दल मी जरा हट्टी आहे. रेवदंड्याचा पूल ओलांडला की कोर्लई. किल्ल्याच्या पायथ्याच्या वस्तीत ख्रिस्ती घरांमध्ये अजून एक भाषा बोलली जाते, जिचा उगम पोर्तुगीज आहे. ते लोक तिला 'नौ लिंग' म्हणतात, म्हणजे 'आपली भाषा'. पोर्तुगीज इथून १७४० साली गेले. शाळा, दरबार, लिखाण असा कुठलाही आधार नसताना, चारही बाजूंनी मराठी असताना, ती भाषा पावणेतीनशे वर्षांहून जास्त काळ घराघरांत टिकली. बोलणारे फार तर हजाराच्या आसपास. शब्द पोर्तुगीज, पण वाक्याची चाल मराठीसारखी, क्रियापद शेवटी. पोर्तुगालच्या पोर्तुगीजमध्ये ते मध्येच येतं.

मुलाला कोर्लईला नेण्याआधी तीन दिवस स्वयंपाकघरात घालवा. पाव, बटाटा, कोबी, अननस, काजू, परात, बालदी, घमेलं, चावी, बिजागरी, पगार, लिलाव, तुरुंग हे सगळे शब्द पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आले. मुलाला सरळ यादी देऊ नका. घरातल्या वीस वस्तूंची नावं लिहायला सांगा, कोणती बाहेरून आली असतील त्याचा अंदाज बांधायला लावा, मग शब्दकोशात बघू दे. पाव आणि चावी आपल्या नाहीत, हे मुलांना पटता पटत नाही.

मग गावात जा, पण पाहुण्यासारखे. मोबाईल पुढे धरून "काहीतरी बोलून दाखवा ना" असं कोणालाही म्हणायचं नाही, ती माणसं प्रदर्शनाला ठेवलेली नाहीत. ओळखीतून जा, बसा, चहा घ्या. मुलाने फक्त तीन शब्द विचारायचे आणि ते नीट म्हणायला शिकायचे. उच्चार बरोबर झाला की नाही, ते त्या घरातल्या आजी ठरवतील. आपल्याला त्यातलं काहीच येत नाही, हे मुलाला दिसतं. ते दिसणं चांगलं.

परत आल्यावरचा प्रश्न महत्त्वाचा : आपल्या घरातली 'नौ लिंग' कोणती? अलिबाग, पेण, उरण पट्ट्यातल्या कितीतरी घरांत आजी-आजोबा आगरी किंवा कोळी बोली बोलतात आणि मुलांना मात्र "नीट बोल" म्हणून टोकलं जातं. पाणीचं 'पानी' आणि डोळ्याचा 'डोला' झाला की आपण लगेच दुरुस्त करतो. आजीबरोबर बसून मुलाने घरच्या बोलीतले पन्नास शब्द गोळा करावेत : मासेमारीचे, शेतीचे, स्वयंपाकाचे, शिव्यासुद्धा चालतील (मासिक चाचणीत विचारणार नाही). शिक्षक म्हणून मला वाटतं, प्रमाण मराठी शिकवायलाच हवी, पण आजीला चूक ठरवून नाही. कोर्लईच्या लोकांनी तसं केलं असतं तर आज तिथे ती भाषा ऐकायला मिळाली नसती.

वेळ उरला तर नकाशाचा एक खेळ आहे. किनाऱ्यावरच्या बेने इस्रायल समाजाची आडनावं घ्या : किहीमकर, नवगावकर, पेणकर, रोहेकर, अष्टमकर, दिवेकर, चेऊलकर. प्रत्येक आडनावाचं गाव जिल्ह्याच्या नकाशावर टाचणीने लावायचं. हे ज्यू लोक पिढ्यान् पिढ्या इथे तेलाचे घाणे चालवत. शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून त्यांना 'शनवार तेली' म्हणायचे. अलिबागची इस्रायल आळी आणि तिथलं सिनेगॉग अजून आहे. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली आणि तिथूनही त्यांनी 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक काढलं. टाचण्या लावून झाल्यावर मूल बहुधा स्वतःच विचारतं : आपलं आडनाव कुठल्या गावचं?

खोपा

सलीम अली १९३० मध्ये किहीमला राहायला आले. हातात नोकरी नव्हती, घराजवळ सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. ते महिनोन् महिने बघत बसले आणि त्यांनी जे टिपलं ते पुढच्या वर्षी छापून आलं : खोपा विणतो तो नर. अर्धा विणून झाला की माद्या येऊन तपासतात, पसंत पडला तर मादी राहते आणि नर उरलेला भाग पुरा करतो. मग तो दुसरा खोपा विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. नापसंत खोपे अर्धेच राहतात. बहिणाबाईंच्या कवितेत पिलांसाठी खोपा टांगणारी सुगरण आहे. कविता मुलाला येत असेलच. कविता चूक ठरवायची घाई करू नका, पण दोन्ही समोर ठेवा.

कार्तिकात खोपे रिकामे असतात. विहिरीवरच्या किंवा शिंदीच्या झाडावरचे पुरे किती आणि अर्धे किती, एवढं मोजलं तरी मूल सबंध पावसाळ्याची गोष्ट सांगू शकतं. खाली पडलेला जुना खोपा मिळाला तर त्याचा दहावा भाग वजन करून वेगळा काढा, त्यातले धागे मोजा आणि दहाने गुणा. झाडावरचा काढायचा नाही.

या विषयाला तीन दिवस पुरतात. उरलेले दिवस मोकळे ठेवा. आजारपण, पाहुणे, लग्नं हे सगळं कार्तिकातच येतं.

"मागे पडेल का?"

हा प्रश्न सासरहून येतो, शेजारून येतो आणि रात्री दोन वाजता स्वतःच्या डोक्यातही येतो. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दहावीला बसायला वयाची १४ वर्षं पुरी लागतात. नऊ-दहा वर्षांच्या मुलाकडे वेळ आहे. शिवाय वरच्या महिन्यात अपूर्णांक, आलेख, कोन, पत्रलेखन, नकाशा आणि शब्दकोश हे सगळं येऊन गेलंय. वहीत मागच्या पानावर ते तारखेनुसार टिपून ठेवा. सासूबाईंना दाखवायला उपयोगी पडतं.

दोघंही नोकरी करत असाल तर सगळं घेऊ नका, फक्त भरती घ्या. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या सहकाऱ्यांनो, पायऱ्या मोजण्याचं काम तुमच्या वर्गाला पाळीपाळीने देता येईल, आणि तीस मुलांची वही एका मुलाच्या वहीपेक्षा भरवशाची होते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली होती. आपल्याला तर फक्त धक्क्यापर्यंत जायचंय.

आता परीक्षा. महिना संपत आला की मुलाला सांगायचं : "आपण सगळे चालत कुलाबा किल्ल्यात जाणार आहोत. दिवस आणि वेळ तू ठरव." ओहोटीला अलिबागच्या किनाऱ्यावरून चालत जाता येतं, पण सगळ्याच ओहोट्यांना नाही. अष्टमीची ओहोटी भर दुपारी येते, वेळ सोयीची. पण ती भांगाची, पाणी पुरतं हटत नाही. अमावास्येची ओहोटी चांगली खोल, पण संध्याकाळी सहाच्या सुमारास, येताना अंधार. मग मधला दिवस शोधावा लागतो. कृष्ण त्रयोदशीला पाऊणकीने भरती पावणेदहाला, ओहोटी चारच्या सुमारास, उधाण जवळ आलेलं. किंवा पौर्णिमेनंतरच्या तृतीयेची सकाळ, आठ-साडेआठ. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. मुलाने कारण सांगितलं पाहिजे. त्याच्या वहीत पंधरवड्याचे आकडे आहेतच, त्यावरून पाऊणकीत किती मिनिटं कमी-जास्त करायची तेही त्याने ठरवायचं.

तुम्ही मात्र छापील भरती-तक्ता आणि किनाऱ्यावरच्या जाणत्या माणसाला विचारल्याशिवाय पाय टाकू नका. मुलाची वेळ आणि तक्त्याची वेळ यांत फरक असेल तर ते निघण्याआधी मुलाला दाखवा, लपवू नका. ओहोटी पूर्ण लागण्याआधी निघा आणि पाणी वळायला लागलं की परत फिरा, किल्ल्यात कितीही रमलात तरी. घड्याळ मुलाच्या हातात द्या, "चला आता" त्यालाच म्हणू दे. आत गोड्या पाण्याची विहीर आहे. चहूबाजूंनी खारं पाणी असताना ते गोड कसं, हे तिथे कोणीतरी विचारेलच. त्याचं उत्तर त्या दिवशी देऊ नका. पुढच्या महिन्याचा पहिला विषय तयार झाला.